अँजिओप्लास्टी : घाई कधी करायची आणि कधी थांबून विचारायचं

(महासंघाच्या वार्षिक सभेतील आरोग्य सत्रात झालेलं हे भाषण. वक्त्या हृदयविभागात परिचारिका होत्या. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते बोलण्याच्या ओघातच छापत आहोत. – संपादक मंडळ)



अध्यक्षताईंनी मला फोन केला तेव्हा विषय सांगितला होता, 'हृदयविकार आणि आहार'. तेल कमी, मीठ कमी हे तुम्ही आशाताईंकडून दहा वेळा ऐकलेलं आहे. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "यंदा गटांच्या कर्जवह्या तपासताना आजारपणाच्या कर्जात एक शब्द सारखा दिसतोय, अँजिओप्लास्टी." कुणी यजमानांसाठी कर्ज घेतलेलं, कुणी सासऱ्यांसाठी, एकीने आईसाठी. सोनं मोडलं ते वहीत नाहीच. मग मी म्हटलं, आहार राहू दे, याच्यावरच बोलू.

मी बरीच वर्षं कॅथ लॅबमध्ये काम केलं. कॅथ लॅब म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी होते ती खोली. तिच्या दाराबाहेर बसलेल्या बायका मला रोज दिसायच्या. संमतीपत्र पुढे आलं की मला विचारायच्या, "सिस्टर, करू ना सही?" तेव्हा मी फक्त मान हलवायची. पाठीमागे डॉक्टर उभे, आत पेशंट टेबलावर, तिथे दुसरं काय बोलणार? जे तेव्हा बोलायला हवं होतं ते आज बोलते.

आधी हे होतं काय ते बघू. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य रक्तवाहिन्या असतात. त्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. अँजिओग्राफी म्हणजे फक्त तपासणी. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, औषध सोडतात आणि एक्स-रेवर अडथळा कुठे आहे ते बघतात. अँजिओप्लास्टी म्हणजे त्याच वाटेने आत फुगा नेऊन, तो फुगवून वाट मोकळी करणं आणि तिथे स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची छोटी नळी, बसवणं. छाती उघडावी लागत नाही, पेशंट जागा असतो. 16 सप्टेंबर 1977 रोजी स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात अँड्रियास ग्रुंटझिग या डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा असा फुगा फुगवला. त्यांचा तो पेशंट 38 वर्षांचा होता आणि पुढे कित्येक वर्षं चांगला जगला. तेव्हा स्टेंट नव्हते. नुसता फुगा फुगवला की शंभरातल्या तीस-चाळीस जणांची वाट काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. 1986 पासून स्टेंट आले, 2002-03 च्या सुमारास औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण शंभरात पाच-दहाच्या आसपास आलं. म्हणजे तंत्र चांगलं झालंय, यात शंका नाही.

पण एकच शब्द दोन अगदी वेगळ्या प्रसंगांसाठी वापरला जातो आणि आपली फसगत तिथेच होते. एक प्रसंग म्हणजे हार्ट अटॅक आलाय, अँजिओप्लास्टी आत्ता करायची. दुसरा म्हणजे चढ चढताना छातीत दुखतं, बसलं की थांबतं, अँजिओग्राफीत ब्लॉकेज दिसलं, म्हणून करायची. पहिल्यात आपण उशीर करतो. दुसऱ्यात नको तेवढी घाई करतो.

पहिला प्रसंग घेऊ.

अटॅक म्हणजे चरबीच्या थराला अचानक चीर पडते, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट पूर्ण बंद. त्या क्षणापासून हृदयाचा स्नायू मरायला लागतो. मेलेला स्नायू परत येत नाही. म्हणून इथे मिनिटं मोजतात. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या दवाखान्यात पेशंट पोचला तर साधारण 90 मिनिटांच्या आत वाट उघडावी, असं धरतात. अशा वेळी अँजिओप्लास्टीने जीव वाचतो, हे पुष्कळ अभ्यासांतून सिद्ध झालंय. त्यात मागेपुढे बघायचं नाही. पैशाचा विचार, भावकीला विचारणं, मुंबईहून मुलगा येईपर्यंत थांबणं, काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गावापासून कॅथ लॅब शंभर-सव्वाशे किलोमीटर, 90 मिनिटांत कुठून पोचणार? बरोबर आहे. त्यासाठी दुसरी वाट आहे, ती लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळतं. कॅथ लॅब दोन तासांपेक्षा लांब असेल तर जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून, अटॅक नक्की असेल तर ते इंजेक्शन आधी द्यायचं आणि मग पुढे मोठ्या दवाखान्यात न्यायचं, शक्यतो 24 तासांच्या आत अँजिओग्राफी होईल असं. दुखणं सुरू झाल्यापासून 12 तासांपर्यंत ते देतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. तमिळनाडूत अशी साखळी बांधून बघितली. लहान दवाखाने मोठ्यांना जोडले, ॲम्ब्युलन्स जोडल्या, ईसीजी पुढे पाठवायची सोय केली. 2017 साली त्याचा निकाल छापून आला. आधी अटॅक आलेल्यांपैकी वर्षभरात शंभरातले साडेसतरा दगावत होते, साखळी झाल्यावर चौदा. यंत्रं तीच, औषधं तीच, फक्त माणूस योग्य दारात वेळेवर पोचला.

म्हणून फोन 108 ला करा आणि आधी ईसीजी जिथे होतो तिथे जा. खाजगी गाडी करून थेट शहरात पळालात तर वाटेत काही झालं तर गाडीत काहीच नसतं. ॲस्पिरिनची 300 किंवा 325 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात, पण ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा पोटात रक्तस्राव झालेला असेल तर नाही. 108 च्या डॉक्टरांना विचारूनच द्या. आणि पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी येऊ नका. दुखणं चालूच असेल तर काही वेळाने पुन्हा ईसीजी काढतात, रक्ताची ट्रोपोनिन नावाची तपासणी करतात. ती करायला सांगा.

आता खास तुमच्याबद्दल. बाईला अटॅक आला तरी छातीत दुखतंच बहुतेक वेळा, 'बायकांना छातीत दुखत नाही' असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. पण तिच्या दुखण्यासोबत इतर गोष्टी जास्त असतात. जबडा, पाठ, खांदा दुखणं, मळमळ, घाम, दम लागणं, नुसता जीव गळून जाणं. मग सासूबाई म्हणतात पित्त झालंय, नवरा म्हणतो काम जास्त झालं. ती स्वतःच म्हणते, भाकरी टाकून होऊ दे, मग बघू. दवाखान्यात बाई पुरुषापेक्षा उशिरा पोचते, हे देशोदेशी दिसलेलं आहे. मी आमच्याकडे पाहिलेली एक बाई अर्धा दिवस सोड्याचं पाणी पीत बसली होती. वाचली, पण आता दोन हंडे उचलायला तिला दम लागतो. हृदयाचा एक भाग कायमचा गेला.

ईसीजीत ठळक न दिसणारा, पण ट्रोपोनिन वाढलेला असाही एक अटॅक असतो. त्यात बहुतेकदा एक ते तीन दिवसांत अँजिओग्राफी करतात. तिथे पळापळ नाही, पण घरीही जायचं नाही.

आता दुसरा प्रसंग. कर्जवहीतली बरीच कर्जं याचीच असावीत, असा माझा अंदाज आहे.

यजमानांना शेताच्या बांधावरून चढताना छातीत भरून येतं. दोन मिनिटं बसलं की जातं. सहा महिने असंच आहे, वाढलेलं नाही. तपासणी केली, अँजिओग्राफी झाली, आणि पेशंट टेबलावर असतानाच बाहेर येऊन कुणीतरी सांगतं, "ऐंशी टक्के ब्लॉक आहे, आत्ताच करून टाकू, नाहीतर कधीही अटॅक येईल." बाई घाबरते, सही करते. मी हे पुष्कळदा पाहिलंय. सांगणारे सगळेच लबाड असतात असं नाही. डॉक्टरांनाही अरुंद वाट दिसली की ती उघडावी असं वाटतं. आपल्यालाही तेच पटतं, नाही का?

पण यावर मोठे अभ्यास झालेत. 2007 साली छापलेल्या 'करेज' नावाच्या अभ्यासात असे 2,287 पेशंट होते. निम्म्यांना चांगली औषधं, निम्म्यांना औषधं आणि अँजिओप्लास्टी. काही वर्षांनी मृत्यू आणि अटॅक दोन्हीकडे सारखेच. लोक म्हणाले, स्टेंट जुने होते. मग 2020 साली 'इस्केमिया' नावाचा आणखी मोठा अभ्यास आला, 37 देशांतले 5,179 पेशंट, त्यात आपल्या भारतातलेही होते. नवे स्टेंट, गरज तिथे बायपास. तरीही तीन-साडेतीन वर्षांत जिवंत राहण्यात फरक पडला नाही. फरक पडला तो दुखण्यात. ज्यांना वरचेवर छातीत दुखत होतं त्यांना अँजिओप्लास्टीनंतर जास्त आराम मिळाला. ज्यांना दुखतच नव्हतं त्यांना आराम काय मिळणार?

असं का होतं? तुमच्यापैकी किती जणींकडे ठिबक आहे? नळीत क्षार साचून एक तोटी बंद पडली, तुम्ही ती साफ केली. पाणी तसंच क्षाराचं आहे, तर उद्या दुसरीकडे साचणारच. स्टेंट एक जागा उघडतो. पण अटॅक पुष्कळदा दुसऱ्याच जागी येतो, जिथे थर लहान पण नाजूक असतो आणि अँजिओग्राफीत फारसा दिसतही नाही. त्याच्यावर काम करतात गोळ्या. कोलेस्टेरॉलची, बीपीची, साखरेची, रक्त पातळ ठेवणारी. आणि तंबाखू सोडणं. मिशेरी पण तंबाखूच आहे, तिकडे मागच्या रांगेत हसू नका.

याचा अर्थ दुसऱ्या प्रसंगात अँजिओप्लास्टी कधीच करू नये असा घेऊ नका. औषधं नीट घेऊनही दुखणं राहिलं, काम करता येईना, तर ती करावी, आराम पडतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मुख्य मुळाशीच, ज्याला लेफ्ट मेन म्हणतात, अडथळा असेल तर वाट उघडावी लागते किंवा बायपास. अशांना 'इस्केमिया' अभ्यासात घेतलंच नव्हतं. ज्यांचं हृदय फार कमजोर झालंय त्यांनाही नव्हतं. म्हणून तो निकाल त्यांना लावायचा नाही. आणि दुखणं वाढत चाललंय, बसल्या जागी येतंय, रात्री झोपेतून उठवतंय, तर तो दुसरा प्रसंग राहिलाच नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

साखरेच्या पेशंटबद्दल एक वेगळं सांगते. मधुमेह आहे आणि दोन-तीन रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत, अशांमध्ये स्टेंट आणि बायपास यांची तुलना करणारा 'फ्रीडम' नावाचा अभ्यास 2012 साली आला. त्यात बायपास झालेले लोक जास्त जगले, त्यांना अटॅकही कमी आले, पक्षाघात मात्र थोडे जास्त. "ऑपरेशन नको, स्टेंटच टाका" असं आपण भीतीने म्हणतो. अशा वेळी बायपास करणाऱ्या सर्जनचंही मत घ्या.

मग संमतीपत्रावर सही करताना विचारायचं काय? मी असते तर असं विचारलं असतं : "डॉक्टर, हा अटॅक आहे का? नसेल तर आज न करता औषधांवर महिनाभर बघितलं तर काय धोका आहे? यांना याने आयुष्य वाढणार आहे की दुखणं कमी होणार आहे?" नम्रपणे विचारा, पण विचारा. अटॅक नसेल तर अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला वेळ असतो. ती सीडी मागणं हा तुमचा हक्क आहे. आणि अँजिओग्राफीला जाण्याआधीच घरात ठरवून ठेवा, म्हणजे दाराबाहेर एकट्या बाईवर निर्णय पडत नाही.

धोका किती, हे सगळ्याच विचारतात. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत दगावण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी. अटॅकमध्ये केलेल्यात ते जास्त असतं, कारण मुळात आजारच जीवघेणा असतो. नळी घातलेल्या जागी रक्तस्राव होऊ शकतो. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त होतो. मनगटातून केलं तर तो जांघेपेक्षा बराच कमी, म्हणून मनगटातून होईल का ते विचारा. बायकांच्या मनगटाची रक्तवाहिनी बारीक असते, कधी आखडते, मग जांघेतून करावं लागतं. त्यात डॉक्टरांची चूक नाही. तपासणीच्या औषधाने किडनीवर ताण येतो, तेव्हा आधी क्रिएटिनिन तपासलंय ना, हे बघा आणि साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. क्वचित पक्षाघात होतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे घरी आल्यावर तुमच्याच हातात असतं. स्टेंट बसल्यावर ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला दुसरी एक रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात. अटॅक आला असेल तर दोन्ही साधारण वर्षभर, ठरवून केली असेल तर साधारण सहा महिने, पुढे बहुतेकांना एक गोळी कायम. मुदत डॉक्टरच सांगतील. ही जोडगोळी मध्येच बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन तो एकदम बंद पडू शकतो. आजच्या स्टेंटमध्ये हे शंभरात एखाद्यालाच होतं, पण ज्याला होतं त्याला मोठा अटॅक येतो आणि त्यातले बरेच दगावतात.

गोळ्या बंद का होतात? पैसे संपतात. "आता बरं वाटतंय" म्हणून. दात काढायला गेले आणि तिथे कुणी सांगितलं, आठ दिवस बंद ठेवा. नवरात्रात नऊ दिवस उपवास म्हणून. माझ्या माहितीतल्या एका घरात यजमानांनी पंढरीच्या वारीला जाताना गोळ्यांची पिशवी घरीच ठेवली होती, बायकोने पुढच्या मुक्कामावर माणूस पाठवून पोचवली. शाबास तिची. दात, मोतीबिंदू, कुठलंही ऑपरेशन असो, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस बंद नाही. पैशाचं म्हणाल तर याच गोळ्या जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळतात.

खर्चाचं थोडक्यात सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पैसे भरण्याआधी त्याला भेटा, भरल्यानंतर नाही. अटॅकमध्ये कागद नसतील तरी आधी भरती करा, आरोग्यमित्राला लगेच कळवा, कागद मागून आणता येतात. योजनेबाहेर केलंत तरी स्टेंटची किंमत सरकारने बांधून दिलेली आहे. पूर्वी औषधाच्या लेपाचे स्टेंट सव्वा लाखाच्या घरात विकले जायचे. फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांची कमाल किंमत 29,600 रुपये ठरली, नंतर थोडी थोडी वाढली, तरी चाळीस हजारांच्या आसपासच आहे, कर वेगळा. बिलात स्टेंटचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि किंमत वेगळी दाखवावी लागते. "परदेशी स्टेंट आहे, लाख रुपये" असं कुणी म्हटलं तर बिल मागा.

आता तुमचे प्रश्न. चिठ्ठ्यांवर पाच-सहा आलेत.

'स्टेंट असल्यावर एमआरआय चालतो का?' चालतो, फक्त आधी सांगायचं. मोबाईल, मिक्सर यांनी काही होत नाही.

'स्टेंट सरकतो का, काम केल्यावर?' नाही. तो रक्तवाहिनीच्या भिंतीत घट्ट बसतो. मनगटाची जखम भरेपर्यंत आठवडाभर त्या हाताने जड उचलू नये, एवढंच. पुढे चालणं, शेतातलं काम हळूहळू डॉक्टरांना विचारून. अटॅक येऊन गेला असेल तर जास्त सावकाश.

'एकदा स्टेंट बसला, परत अटॅक येणार नाही ना?' येऊ शकतो. मघाशी ठिबकचं सांगितलं तेच.

ही शेवटची चिठ्ठी नाव न घालता आलीय : 'यांच्या गोळ्या मी वेळेवर देते. मला पण बीपी आहे, पण दोघांच्या गोळ्यांना पैसे पुरत नाहीत, म्हणून मी एक दिवसाआड घेते.' ताई, तुम्ही कोण ते मला नको सांगू. पण सभा संपल्यावर मी इथेच थांबणार आहे, तुमच्या गोळीचं पाकीट घेऊन या. बीपीच्या बऱ्याच गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. तुमची त्यात आहे का ते आपण बघू, आणि नसेल तर तिच्याऐवजी दुसरी चालेल का, हे डॉक्टरांना विचारायची चिठ्ठी मी लिहून देते.